येऊन राह्यली की येणार?

कंट्रोलर काकांना मी सहा वर्षांत एकदाही खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. आर्वीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे त्यांची एक लाकडी खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि गाड्यांच्या नोंदींचं भलंमोठं रजिस्टर बसलेलं असे. काका उभे. हातात माइक, एक पाय सतत हलता आणि नजर फाटकाकडे. दोन मिनिटं गाडी आली नाही की ते खोलीबाहेर येऊन फलाटावर एक चक्कर मारत, पुन्हा आत जात, पुन्हा बाहेर. कुणी म्हणालंच, "काका, बसा ना जरा," तर उत्तर ठरलेलं होतं, "बसतो ना. रिटायर झाल्यावर बसतो."

त्यांचं काम गाड्या आल्या-गेल्याची नोंद करायचं आणि लोकांना सांगायचं. नाद मात्र इंग्रजी क्रियापदांचा. मूळचे अल्लीपूरचे. मास्तर व्हायचं मनात होतं, ते जमलं नाही. आधी कंडक्टर झाले, मग बढती मिळून या खिडकीत आले. मास्तरकी तेवढी अंगातून गेली नाही. स्टँडवर कुणाच्या हातात इंग्रजीचं पुस्तक दिसलं की काकांचा हलणारा पाय थांबायचा.

माझ्या हातात ते दिसलं तेव्हा मी बारावीत इंग्रजीत नापास झालेली होते. कॉलेजात नापासांसाठी घेतलेला वर्ग दोनला सुटायचा आणि आमच्या गावाची गाडी पाचला. तीन तास मी बाकावर बसून गाइडमधली वाक्यं पाठ करत असे, म्हणजे ओठ हलवत असे. घरी आईबाबांनी सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरच्या परीक्षेत पास होऊन निघाली तर पुढे शिक, नाहीतर शिवणकाम. शिवणकाम वाईट नाही, पण मला सुईत दोरा ओवायलासुद्धा धीर धरवत नाही. तर मी ओठ हलवत होते, आणि खिडकीतून आवाज आला, "काऊन वं पोरी, मंत्र म्हनून राह्यली का?"

मी गाइड पुढे केलं. त्यांनी एक वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याच्यात ड्रायव्हर कोन हाय?" मला वाटलं, माणूस डोक्यात गाड्या गेलेला आहे. तेवढ्यात पुलगाव गाडी आली, ते पळाले. नोंद करून परत आले आणि जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाले, "सांग. ड्रायव्हर कोन?"

काकांचं सगळं व्याकरण असं गाडीत बसवलेलं होतं. "वाक्यात पहिले ड्रायव्हर शोध. बाकी सारे प्रवासी. प्रवासी कितीबी भर, ड्रायव्हर नसन तर गाडी जागची हलत नाई." ड्रायव्हर म्हणजे क्रियापद. मग इज, आर, हॅज, हॅड, डू, डिड ही मंडळी कोण? तर कंडक्टर. गाडी ते चालवत नाहीत, पण तिकीट त्यांच्याकडे. काळ कोणता, माणूस एक की अनेक, हा सगळा हिशेब कंडक्टरनं करायचा. आमच्या वर्गात निम्मी मुलं 'डिड वेंट' लिहायची, मीही त्यातलीच. काकांनी ते पाहून कपाळावर हात मारला होता. "डिडनं तिकीट फाडलं ना? मंग वेंट कायले फाडते? एका मानसाचे दोन तिकीट? डिड गो! भूतकाळ एकडाव फाडला, बस झालं." त्या दिवसानंतर 'डिड वेंट' माझ्या हातून कधी लिहिलं गेलं नाही.

जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठी ते शिकवायला वापरत. लिहीतही उभ्यानंच, खिडकीच्या कट्ट्यावर. एक वाक्य होईपर्यंत दोन गाड्या येऊन जात, त्यामुळे एक नियम पुरा व्हायला आठवडासुद्धा लागे. मी अधीर होऊन विचारायची, "पुढे काय काका?" आणि ते माइकमध्ये कारंजा गाडीचा फलाट सांगत एक बोट माझ्याकडे रोखून धरायचे, की थांब.

सगळ्यात जास्त छळलं ते 'हॅड'नं. आमच्या बोलीत बाजारात जाऊन आलं तरी 'गेलती' आणि काल कॉलेजला गेलं तरी 'गेलती'. तेच इंग्रजीत उतरायचं. मी लिहिलं, 'आय हॅड गॉन टू आर्वी.' काकांनी विचारलं, "गेलती. मंग? कशाच्या आधी?" मी म्हटलं, कशाच्याच नाही, नुसतीच गेले होते. "मंग हॅड काऊन बसवला? हॅड एकटा नाई येत. त्याच्यामागं दुसरी गाडी लागते. मी स्टँडवर आली, तवा गाडी सुटलती. आधी सुटली ते हॅड, मांगून आली ते साधी." पुढे मला तो चाळाच लागला. आई म्हणायची, "मी वावरात गेलती," आणि मी विचारायची, "कशाच्या आधी?" एकदा वैतागून ती म्हणाली, "तुया बापाच्या आधी!" मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसून हसून बेजार झाले. "बरोबर सांगतलं मायनं. तिले हॅड येते."

पण त्यांचं खरं प्रेम 'येऊन राह्यली'वर होतं. म्हणायचे, "इंग्रजाचं आयएनजी अन् आपलं राह्यली, एकाच मायचे लेकरं. काम सुरू झालं, अजून सरलं नाई." लोक खिडकीशी येऊन विचारत, गाडी येऊन राह्यली का? दुसरा कोणी असता तर "हो हो, येऊनच राह्यली" म्हणून मोकळा झाला असता. काका म्हणत, "येनार हाय. येऊन नाई राह्यली. येऊन राह्यली म्हंजे तिकडून सुटलेली पायजे. अजून सुटली नाई." मग फोन लावून पलीकडच्या स्टँडला एकच शब्द विचारत, "सुटली?" तिकडून हो आलं की मगच माइकवर 'येऊन राह्यली'. एकदा कापसाच्या दिवसांत गर्दीतला एक माणूस चिडला. म्हणाला, "भाऊ, गाडीचं सांग, व्याकरन कायले सांगतं?" काका त्याच्यावर असे उखडले की त्याची गाडी लागली तरी यांचं बोलणं संपेना. शेवटी मीच त्या माणसाला गाडीत ढकललं. "खोटं सांगून मानूस बाकावर बसवून ठेवनं पाप हाय," असं काका दिवसभर पुटपुटत होते.

आता एक गोष्ट सांगते, जी त्यांना आवडली नसती. क्रियापदांचा हा राजा इंग्रजी बोलत नसे. संधीच आली नव्हती म्हणा. एका दुपारी परराज्यातल्या एक डॉक्टरबाई खिडकीशी आल्या आणि इंग्रजीत वर्ध्याच्या गाडीचं विचारू लागल्या. मी बाकावरून कान टवकारले. काकांनी माइक खाली ठेवला, घसा साफ केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आणि म्हणाले, "वर्धा. प्लॅटफॉर्म टू. टेन मिनिट्स." बाई आभार मानून गेल्या. काका मात्र भिंतीला टेकून उभे राहिले. "तिन्ही प्रवासीच," ते म्हणाले. "ड्रायव्हर एकबी नाई." मी म्हटलं, अहो, त्यांना कळलं ना. "तिले कळलं. मले नाई जमलं." दोन दिवस त्यांनी मला काही शिकवलं नाही. मी मनातून चिडले होते, कारण परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

ऑक्टोबरात मी निघाले. काठावर, पण निघाले. मग हट्टानं इंग्रजीच घेऊन बीए केलं, वर्ध्याला बीएड केलं आणि तिथून जवळच नालवाडीच्या एका शाळेत जागा निघाली तिथे अर्ज टाकला. मुलाखतीत सहावीच्या वर्गाला एक पाठ घेऊन दाखवायचा होता, विषय क्रियापद. मागच्या बाकांवर मुख्याध्यापक आणि दोन पाहुणे. मी तयार करून आणलेले तक्ते गुंडाळून ठेवले आणि मुलांना विचारलं, "या वाक्यात ड्रायव्हर कोण?" पाहुण्यांतले एक आधी हसले, पण 'डिड वेंट'ची दोन तिकिटं ऐकल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नोकरी मिळाली. त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी काकांना फोन लावला, आईलासुद्धा नंतर. काका तोवर रिटायर झाले होते. म्हटलं, "काका, पेढे घेऊन येऊन राह्यली मी. या रविवारी."

"येऊन राह्यली की येनार?"

"येणार," मी हसत म्हटलं.

आणि गेले नाही. त्या रविवारी नाही आणि पुढची अडीच वर्षंही नाही. लिहितानाही कान गरम होतात. कारण काही मोठं नव्हतं. शाळा, पेपर, भाड्याची खोली, स्कूटीचे हप्ते. गावी जाताना आर्वीलाच गाडी बदलायची, त्यांचं घर स्टँडपासून चालत सात मिनिटं. पण पुढची गाडी चुकेल या घाईत मी दर वेळी फलाटावरूनच पुढे जात असे. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. मी म्हणायची, "येऊन राह्यली काका, येऊनच राह्यली," आणि नंतर नंतर ते काही दुरुस्त करेनासे झाले. मी इतकी घाईत होते की तेही माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटी फोन आला तो काकूंचा. काकांना पॅरालिसिसचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. उजवा हात आणि पाय गेला होता. त्या दिवशी मात्र मी मिळेल त्या गाडीनं निघाले.

काका खुर्चीवर बसले होते. मी दारातच थांबले. मला त्या हाताचं किंवा वाकड्या झालेल्या ओठाचं तेवढं काही वाटलं नाही, पण ते बसलेले होते हे बघवेना. त्यांनी मला ओळखलं. डोळे भरले, डावा हात वर झाला. म्हणाले, "पोरगी." मग बराच वेळ घेऊन, "नालवाडी." मग, "शाळा." मग काकूंकडे पाहून, "चहा." आणि पुढे काही येईना. ओठ हलत राहिले, डावा पाय जमिनीवर आपटू लागला, चेहरा लाल झाला.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, काहींचं असं होतं, वस्तूंची आणि माणसांची नावं राहतात, पण क्रियेचे शब्द अडकतात. समजतं सगळं, बाहेर येत नाही. रोज बोलत राहा, जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत बरंच येतं, पुढे पुढे अवघड होत जातं. "पानी म्हनते, पन पायजे म्हनता येत नाई," काकू म्हणाल्या. "मानूस चिडते मंग. तू मास्तरीन हायस. तुले काई करता येते का पाह्य ना वं."

मला काय करता येणार होतं? पण मी दर रविवारी जायचं ठरवलं. सकाळची गाडी, दीड तास, सात मिनिटं. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी घेऊन जायची. वर 'गाडी' असं लिहायचं आणि पुढे रिकामी रेघ. काका वाचायचे, "गाडी." मग रेघेवर बोट ठेवून बसायचे. कधी मी उठून, बसून, पाणी पिऊन, केस विंचरून दाखवायची. काकूंना हसू यायचं, एकदा काकाही हसले. कधी त्यांनी चिडून फेकलेली पेन्सिल भिंतीवर जाऊन आदळायची. पण त्या रेघेवर शब्द काही येत नव्हता.

खरं सांगायचं तर मी चांगली शिक्षिका नव्हते त्या घरात. मला थांबायला जमत नसे. त्यांचे ओठ हलू लागले की मी शब्द पुरवून टाकायची: येते, जाते, थांबते, यांतला कुठला हवा काका? ते मान झटकायचे. तिसऱ्या महिन्यात काकू एकदा कधी नव्हे ते मला रागावल्या. "तू लवकर सांगून टाकते वं. तू जरा थांबत जा ना. तिकडून येवाले येळ लागते." मला फलाटावरचं ते रोखलेलं बोट आठवलं. पण गप्प बसणं मला येतच नाही. घड्याळाकडे पाहायची, परतीच्या गाडीचा विचार करायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा. इकडे डॉक्टरांनी सांगितलेले सुरुवातीचे महिने संपत आले होते आणि शब्द एकही नव्हता. काका जन्मभर नुसते प्रवासी मोजत बसणार, या विचारानं मला रात्री शाळेचं कामसुद्धा सुचेना.

गेल्या रविवारची गोष्ट. सहावीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात होता, सोमवारी गुण द्यायचे होते. उठतानाच मी ठरवून टाकलं होतं की आज जायचं नाही. इतक्या रविवारांनी काही झालं नाही, एक चुकला तर काय बिघडतं. साडेनऊला काकूंचा फोन आला. "निघाली का वं? तुया काकानं सकायपासून खुर्ची दाराकडं करून घेतली."

माझ्या हातात लाल पेन होतं. केसही विंचरलेले नव्हते. आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हो काकू, येऊन राह्यली."

काकूंचा फोन स्पीकरवर असावा. पलीकडे भांड्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. मग काहीतरी खरखरलं. "सु." काकू म्हणाल्या, "काय पायजे?" आणि मध्येच थांबल्या. मीही थांबले. पहिल्यांदाच थांबले असेन. पेन खाली ठेवलं नाही, शब्द पुरवला नाही. बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला. परत, "सु..." आणि मग शेवटाला आवाज वर चढवून, थेट चौकशीच्या खिडकीतून यायचा तसा:

"सुटली?"

उच्चार जड होता, सगळा घशातून आलेला. पण क्रियापद होतं, काळ बरोबर होता, आणि प्रश्न होता. काकू रडायलाच लागल्या. मलाही रडू येत होतं, पण त्याआधी लाज वाटली, कारण उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं.

"नाई काका," मी म्हटलं. "सुटली नाई. घरीच हाय मी. येनार हाय."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला.

पेपर तसेच उघडे टाकून मी निघाले. पायात एक चप्पल निळी, एक काळी, हे मला वर्ध्याच्या स्टँडवर पोचल्यावर दिसलं. आर्वी गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली, फोन हातातच होता, पण मी लावला नाही. ड्रायव्हर चढला तरी लावला नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली, तेव्हा कुठे लावला.

"काका," मी म्हटलं, "सुटली. आता येऊन राह्यली."